देवरावमामा आणि आंदणाचा पलंग

माझे मामा आधी माझ्या पाया पडतात आणि मग मला शिव्या देतात. हा क्रम गेल्या पन्नास वर्षांत एकदाही उलटा झालेला नाही.

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे भाच्याला मोठा मान. भाचा कितीही नालायक निघाला तरी मामाने त्याच्या पायाला हात लावायचाच. देवरावमामा बहात्तर वर्षांचे आहेत, मी चोपन्नचा. तरी दारात चप्पल काढली की ते वाकतात, माझ्या पायाला लावलेला हात कपाळाला लावतात आणि कंबर पुरती सरळ व्हायच्या आत सुरू होतात, "काऊन गा भाच्या, तुमच्या नागपुरातली मानसं आंधळी हायेत का बहिरी? एक घंट्यापासून रस्ता विचारून राहिलो, एक लेकाचा बोलाले तयार नाई!"

एकदा ते माझ्या ऑफिसात आले. साहेबांच्या समोर त्यांनी माझे पाय धरले आणि मग तितक्याच मोठ्यानं विचारलं, "लोद्या, फोन उचलाले तुले हात नाईत का?" त्या दिवसापासून ऑफिसात मला 'महाराज' म्हणतात. साहेबसुद्धा.

मामा रामाकोन्याला राहतात. सौंसरहून पुढं छिंदवाड्याच्या रस्त्याला हे गाव लागतं. थोडी शेती, संत्र्याचा बगीचा. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन दूर गेली. अंगानं काडी, पण आवाज असा की बगीच्याच्या एका टोकाला ते फोनवर बोलले तर दुसऱ्या टोकाचे पोपट उडतात.

भाच्याचा मान जितका, तितकंच बहिणीच्या घरचं काही घ्यायचं नाही हेही त्यांचं पक्कं. भावानं बहिणीला द्यायचं, तिच्याकडचं घ्यायचं नाही. माझी आई नागपूरला माझ्याकडे राहायला आली तेव्हापासून मामा वर्षातून चार-पाच वेळा यायचे, पण आमच्या घरचं पाणीही प्यायचे नाहीत. स्वतःची पाण्याची कॅन, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन यायचे. माझी बायको सुनंदा सुरुवातीला फार दुखावली. "मामा, निदान चहा तरी." मामा म्हणायचे, "तू चांगली हायेस बाई, तुह्या चहाले नाव नाई. पन हे माह्या बहिणीचं घर हाये." आणि आमच्याच सोफ्यावर बसून, आमच्याच पंख्याखाली, स्वतःचा ठेचा खायचे. बहिणीच्या घरचा पंखा चालतो का, असं मी एकदा विचारलं. दोन मिनिटं विचार करून ते उठले आणि पंखा बंद केला. मे महिना होता. आम्ही सगळेच घामानं निथळत बसलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगताना मला लाज वाटते, पण सांगायला हवी.

संत्र्याचा हंगाम असला की रामाकोना, मोहगाव, लोधीखेड्याकडून टेम्पो भरून नागपूरच्या मंडीत येतात आणि रिकामे परत जातात. या परतीच्या टेम्पोचा शोध आमच्या नातलगांनी फार वर्षांपूर्वी लावला. मामांचे चार पुतणे नागपुरात आहेत. ज्याच्या घरात जी वस्तू नकोशी होते, ती परतीच्या टेम्पोत चढते. "गावी कामी येईल," असं म्हणायचं, म्हणजे मनाला बरं वाटतं.

पुतण्यांचं सामान मामा घेतात. "त्यायचंच घर हाये हे, आनून टाकाले त्यायले हक हाये," असं म्हणतात. पण टेम्पोचं फाळकं उघडलं की त्यांच्या तोंडाचंही उघडतं. "याले सोफा म्हंतेत? हा तं बसल्यावर मानसाले गिळते!" तो सोफा त्यांनी बस थांब्यावर नेऊन ठेवला. आज रामाकोन्याची माणसं छिंदवाड्याच्या बसची वाट सोफ्यावर रेलून पाहतात. कोणाची तरी वॉशिंग मशीन आली. तिच्यात ते शेतातल्या भुईमुगाच्या शेंगांची माती धुतात. धावायचं यंत्र आलं, त्याच्या पट्ट्यावर मिरच्या वाळत घालतात. आरशाचं मोठं टेबल आलं ते गोठ्यात ठेवलं, तर त्यांचा बैल दोन दिवस चारा सोडून आरशापुढं उभा राहिला. मामांनी त्या पुतण्याला फोन केला. "तुह्या बायकोच्या आरशानं माह्या बैलाले येड लावलं. तिचंही असंच होत होतं का गा?"

नागपूरवर त्यांचा मोठा राग आहे. "तुमच्या शहराले तोंड हाये, मोठ्ठं," ते म्हणतात. "रोज नवं गिळते. पन गिळलेलं जाते कुठून? आमच्या रामाकोन्यातून जाते!"

मी हसायचो. मला वाटायचं, यात आपण नाही. मी कधी काही पाठवलं नव्हतं.

मग आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सोळा कुटुंबांना महिनाअखेर फ्लॅट रिकामे करायचे होते. मला भाड्यानं मिळालेलं घर दोन खोल्यांचं, त्यात मालकाचे दोन पलंग आधीच ठोकून बसवलेले. बाकीचं सामान कसंबसं मावणार होतं. राहिला आईचा पलंग.

मी तुम्हाला संतापून सांगतो, या शहरात नवं कपाट घ्या, दोन माणसं तिसऱ्या मजल्यावर हसत आणून देतात आणि घामही पुसत नाहीत. जुनं कपाट खाली न्यायला मात्र अख्ख्या शहरात माणूस नाही. कचऱ्याच्या गाडीवाल्यानं साडेसहा फुटी सागवानी पलंगाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ओला की सुका?" भंगारवाला म्हणाला, लोखंड असेल तर सांगा. जुन्या फर्निचरचा दुकानदार म्हणाला, हल्ली खाली पेटी असलेला लागतो, हा कोण घेणार? एका आश्रमाला फोन केला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, पलंग पुष्कळ झालेत, कूलर असेल तर जरूर आणा. मोबाइलवर फोटो टाकला, तर एकानं विचारलं, याचे दोन पाय वेगळे मिळतील का?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी पहाटे आपला दिवाण पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर ठेवून दिला. दुपारी प्लॉटवाला दिवाण घेऊन हजर. दिवाणाच्या खणात काकांच्या मुलाची दहावीची गुणपत्रिका होती. त्यानं ती सगळ्यांसमोर वाचूनही दाखवली. गणितात बत्तीस.

अशा वेळी माझी नजर परतीच्या टेम्पोवर गेली.

हा पलंग साधा नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी मामांना फोन केला नाही. टेम्पोवाला भोजराज ओळखीचा. सकाळी मंडीत संत्री उतरवून तो आला. पलंग जिन्यात वळत नव्हता, म्हणून सहा माणसांनी दोर बांधून बाल्कनीतून खाली सोडला. बाल्कनीचा कठडा तुटला, पण इमारत पाडायचीच होती. मी भोजराजला सांगितलं, "मामांच्या दारात उतरव. मी बोलतो त्यांच्याशी." आणि बोललो नाही.

दुपारी फोन आला. मामांनी हॅलोही म्हटलं नाही.

"परकाश, तुह्या बापानं माह्या बहिणीले कधी टाकलं होतं का?"

"नाही मामा."

"मारझोड केली होती?"

"नाही हो."

"मंग तिचं आंदन वापस कायले आलं?"

तो पलंग आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी आंदण म्हणून दिलेला. साठ वर्षांपूर्वी तो बैलगाडीवर चढून रामाकोन्याहून पांढुर्ण्याला आमच्या घरी आला होता. आणि आमच्याकडे आंदण माहेरी परत पाठवतात ते एकाच वेळी: सोयरीक मोडते, मुलीला टाकून देतात, तेव्हा.

"गावात काय झालं मालूम हाये तुले?" मामा ओरडत होते. "टेम्पो चौकात उभा. नामदेव सुतार चालता चालता थांबला. म्हंते, हा तं माह्या बापाच्या हातचा, कौसाबाईच्या लग्नातला. झालं! जमली मंडळी. एक बुढी तं पदर डोळ्याले लावून रडालेच लागली. म्हंते, बिचारीले एवढ्या वर्षानं घरी धाडलं गा पांढुर्ण्याच्या लोकायनं!"

"मामा, आईला जाऊन दोन वर्षं झाली. सगळ्यांना माहीत आहे."

"मले शिकवून राहिला? मी खांदा देल्ला तिले! मेल्यावर वापस धाडनं तं अजून खराब. जित्तेपनी मानूस भांडते, समजू शकतो. मेलेल्या बाईसंग कोन भांडते बे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भोजराजचा टेम्पो आमच्या फाटकाशी उभा राहिला. आत पलंग, पलंगावर संत्र्यांचे क्रेट रचलेले. "साहेब, मामांनी सांगितलं, जसा नेला तसा नेऊन दे." त्यानं पलंग फाटकाच्या आत टेकवला आणि वर एक भरलेला क्रेट ठेवला. "हा तुमच्यासाठी. बहिणीच्या घरी गाडी जाऊन राहिली, रिकामी कशी धाडू म्हणाले." मग गाडीत चढता चढता म्हणाला, "निरोपपण दिला आहे. पण तो मी सांगत नाही. आपले संबंध चांगले आहेत."

संत्री फार गोड होती. मला एकही गिळवलं नाही.

आता कबुली देतो. बाबा गेल्यावर मी आईला पांढुर्ण्याहून नागपूरला आणलं. तिनं सोबत एवढा पलंगच मागितला. नऊ वर्षं ती त्यावर झोपली. रामाकोना माझ्या घरापासून दोन तासांवर आहे. या नऊ वर्षांत मी तिला एकदाही माहेरी नेलं नाही. कारणं सगळी खरी होती. सुट्टी नव्हती, गाडी नव्हती, तिचे गुडघे दुखत होते. मामा मात्र दोनदा तिला न्यायला आले होते. आमच्या रीतीप्रमाणे घरच्या माणसानं हो म्हटल्याशिवाय भाऊ बहिणीला नेत नाही. एकदा ते अक्षय तृतीयेच्या आधी आले. मी म्हणालो, ऊन फार आहे. एकदा दिवाळीनंतर आले. मी म्हणालो, डॉक्टरांची तारीख आहे. दोन्ही वेळा आईनं पिशवी भरून ठेवली होती, दोन्ही वेळा तिनं ती माझ्यादेखत रिकामी केली. मामांना म्हणाली, "जाय रे देवा. पुढच्या खेपेस येईन." आणि मामा, जे सोफ्यापासून सरकारपर्यंत कोणालाही सोडत नाहीत, ते त्या दोन्ही वेळा मला एक शब्दही बोलले नाहीत. माझ्या पाया पडून निघून गेले.

मी तेव्हा समजलो होतो की ते माझा मान राखतात.

पलंग फाटकाशी तसाच पडला. सेक्रेटरींनी त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'ही वस्तू कोणाची?' सगळ्यांना ठाऊक होतं कोणाची. दुसऱ्या दिवशी दुसरी चिठ्ठी आली, 'चोवीस तासांत हटवावी.' माझ्यातही राग साठला होता. शहराचा, सेक्रेटरींचा, त्या ओल्या-सुक्याचा, आणि सगळ्यात जास्त ज्याचा, त्याला चिठ्ठी चिकटवता येत नव्हती. त्या रागात मी लाकूड कापणाऱ्या आरामशीनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उद्या सकाळी करवत घेऊन येतो, चार तुकडे करतो, पोत्यात भरून नेतो. मी हो म्हणालो.

सुनंदानं ते ऐकलं. आत जाऊन तिनं मामांना फोन लावला.

सकाळी करवतवाला यायच्या आधी भोजराजचा टेम्पो आला. पुढच्या सीटवरून मामा उतरले. पांढरा स्वच्छ पायजमा, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. लग्नाला निघावं तसे. मला पाहिलं, वाकले, पायाला हात लावला.

"कुठी हाये तो करवतवाला? त्याच्या मायचा पलंग काप म्हना आधी!"

"मामा, मी..."

"तू चूप. तू तं बोलूच नको." त्यांनी वर पाहिलं. "हा कठडा काऊन तुटला?"

"पलंग दोरानं खाली सोडला. जिन्यात वळत नव्हता."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्यांच्या बैलानं आरशाकडे पाहिलं असेल. मग खाली बसले, बाजूचा एक दगड उचलला आणि पलंगाच्या उशाखालच्या कोपऱ्यात टकटक मारलं. बोटभर लाकडी खुंटी बाहेर आली. मग दुसरी, तिसरी, चौथी. सगळ्या खुंट्या त्यांनी खिशात टाकल्या. दहा मिनिटांत पलंग सुटा होऊन जमिनीवर पडला: उसं, पायथा, दोन पट्ट्या आणि फळ्या. एकही खिळा नव्हता.

"लोद्या, खुंटीचा पलंग हाये हा! एका मानसानं उचलून न्याचा. अकरा वर्षं घरात होता अन् तुले हे मालूम नाई? बाईले विचारलं असतं तं तिनं सांगतलं नसतं का?"

अकरा वर्षांपूर्वी पलंग वर चढला तेव्हा मी ऑफिसात होतो; संध्याकाळी आलो तर आईनं तो जोडून घेतलेला होता. आईला मी फारसं काही विचारत नसे.

सेक्रेटरी खाली आले होते. "काका, जरा हळू बोला, सोसायटी आहे," ते म्हणाले. मामा म्हणाले, "सोसायटी हाये तं हात लावा." आणि सेक्रेटरींनी मुकाट्यानं पायथ्याची बाजू उचलली.

फळ्या टेम्पोत रचून झाल्यावर मामांनी पुढच्या सीटवरून कापडी पिशवी आणली. तिच्यातून दोन लुगडी काढली. एक हिरवं, एक जांभळं. दोन्हींच्या घड्या कोऱ्या, दुकानाची चिठ्ठीही निघालेली नव्हती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

"हे मागच्या भाऊबीजेचं," ते सुनंदाला म्हणाले, माझ्याकडे न पाहता. "अन् हे यंदाचं. दुकानदार दरवर्षी काढून ठेवते. त्याले काय सांगाचं, घेऊन टाकलं."

ते टेम्पोत चढले आणि दोन्ही लुगडी त्यांनी फळ्यांवर पसरली. कोपरे नीट दाबले. मग खाली उतरले, टोपी सारखी केली आणि माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांनी मला अहो-जाहो केलं.

"पाहुणे, बहिणीच्या घरचं मी काही घेत नसतो, हे तुमाले ठाऊक हाये. मी सामान नाई नेऊन राहिलो. बाईले माहेरी न्याले आलो. नेऊ?"

"न्या," मी म्हणालो.

"किती दिवस ठेवू?"

माहेरी नेताना भाऊ हे विचारतो. घरच्यांनी दिवस सांगायचे असतात आणि त्या दिवशी कोणीतरी आणायला जायचं असतं. मला सगळं माहीत होतं, तरी माझ्या तोंडून निघालं, "राहू द्या मामा, हवे तितके दिवस."

"राहू द्या म्हंजे?" ते उसळले. "टाकून देल्ली का? दिवस सांग! घरातून बाई जाते तं मानसानं दिवस सांगाव!"

"बरं... मी रविवारी येतो. येत्या रविवारी नक्की."

मामांनी जोडलेले हात खाली सोडले. मग अगदी हलक्या आवाजात, शिवी न देता म्हणाले, "तिलेबी तू असंच सांगे."

ते वळले आणि मागं टेम्पोत चढले. पुढची सीट रिकामी होती, तरी फळ्यांच्या बाजूला, पत्र्याला टेकून बसले. भोजराजनं गाडी सुरू केली. त्या दिवशी मला ऑफिस होतं, घरातलं अर्धं सामान बांधायचं होतं, गॅसवाला यायचा होता. कारणं याही वेळी सगळी खरी होती.

"इथलं मी पाहते," म्हणत सुनंदानं माझ्या हातातली घराची किल्ली काढून घेतली.

मी धावत जाऊन फाळक्यावर पाय ठेवला. चोपन्नाव्या वर्षी टेम्पोत चढणं सोपं नसतं. मी अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबकळलो. तेवढ्यात मामांनी माझं मनगट धरलं आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असे ओरडले,

"अबे पाय संभाळ! लुगड्यावर देशीन!"